स्प्रिंगला संयम शिकविणारा सुतार

शाळांतून विज्ञान प्रदर्शने भरू लागली की एक प्रयोग हमखास पाहायला मिळतो. जुन्या खेळण्यातील किंवा गजराच्या घड्याळातील स्प्रिंग काढून विद्यार्थी वजन उचलणारे छोटेसे यंत्र तयार करतात. चावी भरायची, खिट्टी काढायची आणि दोऱ्याला बांधलेले वजन हळूहळू वर चढताना पाहायचे, अशी त्यामागची कल्पना असते. प्रत्यक्षात खिट्टी निघताच वजन क्षणार्धात वर जाऊन आदळते आणि स्प्रिंग रिकामी होते. मग भौतिकशास्त्राचे शिक्षक नेमका प्रश्न विचारतात. हे वजन सावकाश, एकाच गतीने वर नेता येईल का?

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर सोपे नाही. स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा जोर वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात मांडला आणि आज तो शालेय पाठ्यपुस्तकांत आहे. याचाच अर्थ असा की, पूर्ण भरलेली स्प्रिंग आरंभी सर्वाधिक जोर लावते आणि उलगडता उलगडता दुबळी होत जाते. उचलायचे वजन मात्र आरंभापासून अखेरपर्यंत तेवढेच राहते. आरंभीच्या जादा जोराला वाट करून दिली नाही, तर तो वेगाच्या रूपाने बाहेर पडतो. कापडाचा बोळा दाबून चाक रोखू पाहिले, तर यंत्र एक तर अडून बसते किंवा झटक्याने सुटते. स्प्रिंगपाशी बळ भरपूर असते, परंतु ते बेताबेताने खर्च करण्याचा गुण तिच्यात उपजत नसतो. तो बाहेरून द्यावा लागतो.

अठराव्या शतकात एका इंग्रज सुताराने याच प्रश्नाशी जवळजवळ अर्धशतक झुंज दिली. त्याच्या स्प्रिंगला वजन उचलायचे नव्हते, काळ मोजायचा होता. त्याला यश येते की नाही यावर हजारो खलाशांचे प्राण अवलंबून होते. त्या सुताराचे नाव जॉन हॅरिसन.

बॅरो गावचे दिवस

हॅरिसन यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील फाउल्बी या खेड्यात, त्या वेळच्या जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे २४ मार्च १६९३ रोजी झाला. वडील हेन्री हे सुतार होते. जॉन लहान असतानाच हे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो अपॉन हंबर या गावी स्थायिक झाले. जॉनच्या वाट्याला शालेय शिक्षण बेताचेच आले आणि कोणा नामांकित घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी करण्याचा योगही आला नाही. रंधा आणि पटाशी हीच त्याची पाठशाळा ठरली. गावातील चर्चच्या घंटांचे सूर जुळविणे आणि गायकवृंदाला शिकविणे ही कामेही तो आवडीने करी. केंब्रिजचे अंध गणिती निकोलस साँडर्सन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत एका धर्मोपदेशकाने त्याला वाचायला दिली, तेव्हा ती परत करण्यापूर्वी त्याने संपूर्ण उतरवून घेतली. त्या प्रतीवर त्याने पुढे अनेक वर्षे टिपणे केली.

वयाच्या विसाव्या वर्षी, १७१३ मध्ये, हॅरिसन यांनी आपले पहिले उभे घड्याळ पूर्ण केले. त्यातील यंत्र जवळजवळ सर्व लाकडी होते. सुताराच्या मुलाने हाताशी असलेल्या साहित्यातून घड्याळ घडवावे यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्या टिकाऊपणाचे. ते घड्याळ तीनशे वर्षांनंतरही जपून ठेवलेले आहे. पुढे १७२२ च्या सुमारास ब्रॉक्लेस्बी पार्क येथील तबेल्याच्या मनोऱ्यासाठी त्यांनी मोठे घड्याळ बनविले. त्या काळचे तेल थंडीत घट्ट होई, उन्हाळ्यात वाळून जाई आणि घड्याळाची चाल बिघडवी. हॅरिसन यांनी तेलाची गरजच संपविली. लिग्नम व्हिटी नावाच्या उष्ण प्रदेशातील लाकडात उपजतच तेलकटपणा असतो. घासले जाणारे भाग त्यांनी त्या लाकडाचे केले आणि घड्याळ तेलावाचून चालू लागले.

धाकटा भाऊ जेम्स याच्या साहाय्याने हॅरिसन यांनी १७२५ नंतर आणखी अचूक घड्याळे तयार केली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, हा जुना दोष होता. पितळ आणि पोलाद यांच्या गजांची आलटून पालटून जुळणी करून त्यांनी असा लंबक बनविला की, एका धातूचे प्रसरण दुसऱ्याच्या प्रसरणाने भरून निघावे. ही घड्याळे महिन्याला एखाद्या सेकंदापलीकडे चुकत नसत, असा त्यांचा दावा होता. लंडनच्या उत्तमोत्तम घड्याळजींनाही हेवा वाटावा असे काम एका आडगावच्या सुताराने करून ठेवले होते.

समुद्राने विचारलेला प्रश्न

२२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ब्रिटिश आरमाराचा एक ताफा भूमध्य समुद्रातून मायदेशी परतत असताना इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर आदळला. ॲडमिरल क्लाउडेस्ली शॉव्हेल यांच्यासह चार जहाजे आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. आपण नेमके कोठे आहोत, हे ताफ्याला कळलेच नव्हते.

समुद्रावर अक्षांश ठरविणे तुलनेने सोपे होते. दुपारच्या सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजली की ते समजे. रेखांशासाठी मात्र आकाशात अशी सोपी खूण नव्हती. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. जहाजावरच्या स्थानिक वेळेची निघालेल्या बंदरातील वेळेशी तुलना करता आली, तर त्या फरकावरून रेखांश काढता येतो. स्थानिक वेळ सूर्यावरून कळे. परंतु महिनाभर मागे सोडलेल्या बंदरात या क्षणी किती वाजले आहेत, हे सांगणारे घड्याळ जगात कोणापाशीही नव्हते.

१७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून या प्रश्नाच्या उत्तरासाठी बक्षीस जाहीर केले. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश दाखविणाऱ्या पद्धतीला वीस हजार पौंड मिळणार होते. ती त्या काळची प्रचंड रक्कम होती. अर्धा अंश म्हणजे घड्याळाची दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या सफरीवर ती विभागली, तर दिवसाला तीन सेकंदांहून अधिक चूक चालणार नव्हती. खिशातले चांगले घड्याळही त्या काळी दिवसाला मिनिटभर चुके. स्वतः आयझॅक न्यूटन यांना घड्याळापेक्षा आकाशातील गणितावर अधिक भरवसा होता. जहाजाचे हेलकावे आणि बदलती हवा सोसणारे घड्याळ अजून झालेले नाही, असे त्यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले होते.

जमिनीवरील अचूक घड्याळ लोंबत्या वजनावर चाले. खाली येणारे वजन पहिल्या दिवशी जेवढा ओढा देते तेवढाच आठव्या दिवशीही देते. गती ठरविण्याचे काम लंबक करी. हेलकावणाऱ्या जहाजावर वजन आणि लंबक हे दोन्ही निरुपयोगी होते. थोर डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांची लंबकाची सागरी घड्याळे वादळी समुद्रात टिकाव धरू शकली नव्हती. तेव्हा उरली ती स्प्रिंग, जिचा जोर क्षणोक्षणी कमी होत जातो. तिच्यावर विसंबून दिवसाला तीन सेकंदांची अचूकता साधायची होती.

लिस्बनची सफर

१७३० च्या सुमारास हॅरिसन आपले आराखडे घेऊन लंडनला गेले. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख एडमंड हॅली यांनी त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकले आणि त्यांना जॉर्ज ग्रॅहम या नामवंत घड्याळकाराकडे पाठविले. पहिल्या भेटीत दोघे दिवसभर चर्चा करीत बसले. अखेरीस ग्रॅहम यांनी कसलेही व्याज किंवा तारण न मागता हॅरिसन यांना पैसे दिले.

पाच वर्षांनी, १७३५ मध्ये, पहिले सागरी घड्याळ तयार झाले. अभ्यासक आज त्याला एच-१ म्हणतात. त्याचे वजन होते सुमारे ३४ किलो. लंबकाच्या जागी त्यात दोन जाड दांड्या होत्या. स्प्रिंगांनी जोडलेल्या या दांड्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांनी झुलत, त्यामुळे जहाजाच्या हेलकाव्याचा एकीवर होणारा परिणाम दुसरीमुळे नाहीसा होई.

घड्याळ चालविणारा जोर मुख्य स्प्रिंगकडून येई आणि तो सारखा राखण्यासाठी फ्युझी या जुन्या युक्तीचा आधार घेतलेला होता. आपल्याकडे भोवऱ्याला जाळी गुंडाळतात ते डोळ्यांसमोर आणले, की फ्युझी समजते. निमुळत्या शंकूवर खोबणी कोरलेली असते आणि तिच्यात साखळी गुंडाळलेली असते. साखळीचे दुसरे टोक स्प्रिंगच्या डबीला जोडलेले असते. स्प्रिंग भरलेली असताना साखळी शंकूच्या अरुंद टोकाला ओढते, त्यामुळे जोर मोठा असला तरी त्याला तरफ लहान मिळते. स्प्रिंग ढिली पडू लागते तशी साखळी रुंद भागाकडे सरकते आणि घटत्या जोराला वाढती तरफ मिळते. दोन्हींचा गुणाकार जवळपास तोच राहतो.

१७३६ मध्ये हे घड्याळ घेऊन हॅरिसन सेंच्युरियन या युद्धनौकेवरून लिस्बनला गेले. ज्या लिस्बनहून निघालेली जहाजे दोनशेहून अधिक वर्षे गोव्याच्या बंदरात येत होती, तेच हे शहर. त्या दीर्घ मार्गावरील नाखवेही रेखांशाच्या बाबतीत अंदाजावरच विसंबून असत. जाताना हॅरिसन यांना समुद्र लागला. परतीच्या वाटेवर ते ऑर्फर्ड या जहाजावर होते. इंग्लंडचा किनारा दिसू लागला तेव्हा तो स्टार्ट नावाचा भूभाग आहे, असे जहाजावरील अधिकाऱ्यांनी ठरविले. हॅरिसन यांनी आपल्या घड्याळाच्या आधारे तो लिझार्ड असल्याचे सांगितले. दोन्हींमध्ये सुमारे साठ मैलांचे अंतर आहे. हॅरिसन यांचे म्हणणे खरे निघाले आणि तसे प्रमाणपत्र त्यांना जहाजावरूनच मिळाले.

एकोणीस वर्षांचे एक घड्याळ

१७३७ मध्ये बक्षिसाचा निवाडा करणारे रेखांश मंडळ हॅरिसन यांच्या घड्याळाचा विचार करण्यासाठी बसले. सदस्य अनुकूल होते. हॅरिसन यांनी वेस्ट इंडीजच्या सफरीची मागणी केली असती, तर ती बहुधा मान्य झाली असती. मात्र त्यांनी आपल्याच घड्याळातील उणिवा मंडळापुढे मांडल्या आणि दुसरे, अधिक चांगले घड्याळ करण्यासाठी मुदत व पाचशे पौंडांचे साहाय्य मागितले. कारागिराचा प्रामाणिकपणा आणि त्याचा हटवादीपणा ही दोन्ही त्या दिवशी एकत्र दिसली. त्या निर्णयाची किंमत त्यांना पुढे आयुष्यभर मोजावी लागली.

दुसरे घड्याळ १७३९ मध्ये पूर्ण झाले. त्यात हॅरिसन यांनी स्प्रिंगच्या प्रश्नावर नवे पाऊल टाकले होते. मुख्य स्प्रिंगचा जोर सरळ नियंत्रक यंत्रणेपर्यंत जाऊ न देता त्यांनी मध्ये लहान स्प्रिंगांची योजना केली. मुख्य स्प्रिंग दर पावणेचार मिनिटांनी त्यांना भरत असे आणि घड्याळाची अखेरची यंत्रणा फक्त त्यांच्यावर चाले. या योजनेला रेमॉन्त्वार म्हणतात.

ज्यांनी मोटेवरची शेती पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. बैल विहिरीतून मोट ओढतात तेव्हा पाणी धबाधबा आणि खंड पडत येते. ते थेट वाफ्यात सोडले तर माती वाहून जाईल. म्हणून पाणी आधी थारोळ्यात पडते आणि तेथून पाटाने शांतपणे वाफ्याकडे जाते. मोट कितीही झटक्याने रिकामी झाली, तरी पाटाच्या प्रवाहाला त्याचा हिसका बसत नाही. हॅरिसन यांची लहान स्प्रिंग म्हणजे असेच थारोळे होते. ती थोडीशीच उलगडते न उलगडते तोच पुन्हा भरली जाते, म्हणून तिचा जोर जवळजवळ बदलतच नाही.

दुसऱ्या घड्याळाची समुद्रावर परीक्षा झालीच नाही. त्याच्या झुलत्या दांड्यांवर जहाजाच्या एका विशिष्ट वळणाचा परिणाम होतो, हे हॅरिसन यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी तिसऱ्या घड्याळाचे काम हाती घेतले. ते १७४० मध्ये सुरू झाले आणि त्यावर १७५९ पर्यंत, तब्बल एकोणीस वर्षे खर्ची पडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी हाती घेतलेले काम सोडवता सोडवता ते सहासष्ट वर्षांचे झाले. त्या घड्याळात सातशे त्रेपन्न भाग होते. रेमॉन्त्वार आता दर तीस सेकंदांनी भरला जात होता.

हे घड्याळ हॅरिसन यांच्या मनाप्रमाणे कधीच चालले नाही. परंतु त्याच्यासाठी काढलेल्या युक्त्या घड्याळापलीकडे गेल्या. उष्णतेने स्प्रिंग मवाळ होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र जडविल्या. तापमान बदलले की अशी जोडपट्टी वाकते आणि तो दोष दुरुस्त करते. अशीच जोडपट्टी पुढे घरातील इस्त्रीत, ठरावीक उष्णतेला वीज तोडण्यासाठी आली. घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी पिंजऱ्यात बसविलेल्या रुळांचे बेअरिंग तयार केले. त्याचे वंशज आज प्रत्येक कारखान्यात फिरत आहेत. १७४९ मध्ये रॉयल सोसायटीने आपले मानाचे कॉप्ली पदक देऊन हॅरिसन यांचा गौरव केला. सागरी घड्याळ मात्र अजून अपुरेच होते.

हाताच्या पंजात मावणारे उत्तर

मोठ्या घड्याळांशी झगडत असताना हॅरिसन यांनी जॉन जेफ्रीज या घड्याळजीकडून १७५३ मध्ये स्वतःसाठी एक खिशातले घड्याळ करून घेतले. आराखडा त्यांचाच होता. ते अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले चालले. त्यावरून त्यांच्या मनात एक नवीन विचार रुजला. अवजड दांड्या संथ झुलविण्यापेक्षा लहान तोलचक्र वेगाने आणि जोमाने फिरविले, तर जहाजाचा हिसका त्याला फारसा बाधणार नाही. तीस वर्षांच्या मेहनतीकडे पाठ फिरवून वयाच्या साठीत नव्या वाटेने जाणे सोपे नव्हते. ते धैर्य त्यांनी दाखविले.

चौथे घड्याळ, एच-४, १७५९ मध्ये पुरे झाले. त्याचा व्यास तेरा सेंटिमीटर आणि वजन दीड किलोच्या आत होते. ते सेकंदाला पाच ठोके देई. झिजणाऱ्या जागी हिरे आणि माणके बसविली होती. चावी भरताना मुख्य स्प्रिंगचा ओढा क्षणभर थांबतो, त्या वेळीही घड्याळ चालू ठेवणारी वेगळी लहान स्प्रिंग त्यात होती. फ्युझी होती, आणि रेमॉन्त्वार आता मिनिटातून आठ वेळा, म्हणजे दर साडेसात सेकंदांनी भरला जात होता.

शाळेतील प्रयोगाशी थेट नाते सांगणारा भाग येथेच आहे. दर साडेसात सेकंदांनी मुख्य स्प्रिंग मोकळी होते आणि लहान स्प्रिंगला भरू लागते, तेव्हा चाके भरधाव सुटून आपटण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी त्या चाकांच्या शेवटी एक चिमुकला पंखा बसविलेला आहे. पंखा हवा कापीत फिरतो. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, वेग कमी झाला की विरोधही घटतो. त्यामुळे यंत्र आपल्या आपणच एका ठरावीक गतीवर स्थिरावते. कापडाच्या बोळ्याने होणारे घर्षण असे वागत नाही, म्हणूनच त्याने यंत्र अडखळते. ठोक्यांच्या जुन्या घड्याळांत आणि चावीच्या संगीतपेटीत हीच युक्ती असते. वजन उचलणारे यंत्र सावकाश चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने दोरा गुंडाळण्याची दांडी बारीक घ्यावी, स्प्रिंगकडून वेग वाढवीत नेणारी दोन-तीन दंतचक्रे जोडावीत आणि सर्वांत वेगाने फिरणाऱ्या शेवटच्या चाकावर पुठ्ठ्याची दोन रुंद पाती लावावीत. पाती लहान-मोठी केली की वजन चढण्याची गती हवी तशी ठरविता येते. फ्युझीसारखी निमुळती दांडी वापरली, तर ती गती अखेरपर्यंत सारखी राहते.

परीक्षांची परीक्षा

१८ नोव्हेंबर १७६१ रोजी डेप्टफर्ड जहाजावरून एच-४ जमैकाला निघाले. हॅरिसन अडुसष्ट वर्षांचे होते, म्हणून त्यांचा मुलगा विल्यम सोबत गेला. मडेरा बेटांच्या वाटेवर जहाजाचा अंदाज आणि घड्याळाचा हिशोब यांत सुमारे दीड अंशाचा फरक पडला. विल्यमने घड्याळावर भरवसा ठेवण्याचा आग्रह धरला आणि बेट त्याने सांगितल्याप्रमाणेच दिसले. जमैकाला पोहोचेपर्यंत एक्याऐंशी दिवसांत घड्याळाची चूक भरली ती सुमारे पाच सेकंद.

येथे हॅरिसन यांची खरी कसोटी सुरू झाली. मंडळाने या निकालावर समाधान मानले नाही. जमैकाचा रेखांश पुरेसा निश्चित नाही, घड्याळाची रोजची चाल आधी जाहीर केलेली नव्हती, एका सफरीतले यश हा योगायोगही असू शकतो, असे आक्षेप निघाले. १७६४ मध्ये टार्टर जहाजावरून बार्बाडोसची दुसरी सफर झाली. सत्तेचाळीस दिवसांत एकोणचाळीस सेकंदांची चूक झाली. बक्षिसासाठी दोन मिनिटांपर्यंतची चूक मान्य होती, म्हणजे घड्याळ अटीपेक्षा तिपटीने चांगले ठरले होते.

तरीही बक्षीस हाती आले नाही. १७६५ च्या नव्या कायद्याने अटी बदलल्या. घड्याळाचे रहस्य उघड केल्यावर अर्धे बक्षीस आणि दुसऱ्या कारागिरांनाही तसे घड्याळ करता येते हे सिद्ध झाल्यावर उरलेले अर्धे, असे ठरले. हॅरिसन यांच्या दृष्टीने हा उघड अन्याय होता. खेळ संपत आल्यावर नियम बदलण्यासारखेच ते होते. त्यांनी संतापून, पण अखेरीस मान तुकवून, ऑगस्ट १७६५ मध्ये घड्याळ तज्ज्ञांसमोर उघडून त्याचा भाग न् भाग समजावून दिला. पूर्वी मिळालेली रक्कम धरून दहा हजार पौंड त्यांच्या पदरी पडले.

त्याच वर्षी नेव्हिल मॅस्केलाइन वेधशाळेचे प्रमुख झाले. चंद्र आणि तारे यांच्यातील अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे ते पुरस्कर्ते होते. प्रतिस्पर्धी पद्धतीचा कैवारीच आता निवाडा करणाऱ्यांत बसला होता. १७६६ मध्ये हॅरिसन यांची चारही घड्याळे ताब्यात घेण्यात आली. घरातून बाहेर काढताना पहिले घड्याळ मजुरांच्या हातून पडले. ग्रीनिचला दहा महिने घेतलेल्या चाचणीनंतर मॅस्केलाइन यांनी एच-४ विषयी प्रतिकूल अहवाल दिला.

मॅस्केलाइन यांना केवळ खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी सुरू केलेल्या नाविक पंचांगाने पुढे असंख्य जहाजांना वाट दाखविली, आणि अतिशय महाग असे एकच घड्याळ साऱ्या आरमाराची गरज भागवू शकत नाही, हा मंडळाचा मुद्दाही निराधार नव्हता. एका कारागिराच्या हातातील कसब सर्वांच्या हाती कसे द्यायचे, हा प्रश्न खराच होता. परंतु तो सोडविण्याचा सारा भार एका वृद्धाच्या हक्काच्या बक्षिसावर टाकला गेला, आणि तेथेच अन्याय झाला.

त्या प्रश्नाचे उत्तर लार्कम केंडॉल या कारागिराने दिले. त्याने एच-४ ची हुबेहूब प्रतिकृती १७६९ मध्ये पूर्ण केली. कॅप्टन जेम्स कुक यांनी ती १७७२ ते १७७५ च्या आपल्या दुसऱ्या सफरीवर नेली. दक्षिण ध्रुवाच्या हिमप्रदेशापासून उष्ण कटिबंधापर्यंत ती तीन वर्षे विश्वासू राहिली. आरंभी साशंक असलेले कुक परतताना तिचे प्रशंसक झाले होते.

राजदरबारी दाद

हॅरिसन यांनी तोवर पाचवे घड्याळही पुरे केले होते. सर्व दारे बंद झाल्यावर विल्यमने १७७२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे दाद मागितली. राजाला विज्ञानाची खरी आवड होती. त्याने रिचमंड येथील आपल्या वेधशाळेत दहा आठवडे घड्याळाची चाचणी घेतली. चूक दिवसाला सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत निघाली. राजाने हे प्रकरण आपले मानले आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने हॅरिसन यांना आठ हजार सातशे पन्नास पौंड दिले. हे अधिकृत बक्षीस नव्हते. मूळ वीस हजारांचे बक्षीस त्या नावाने कोणालाच कधी देण्यात आले नाही. हॅरिसन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते.

तीन वर्षांनी, २४ मार्च १७७६ रोजी, लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधील घरी त्यांचे निधन झाले. जन्मतारखेचा तोच आकडा त्या दिवशी होता. हॅम्पस्टेडच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.

हॅरिसन यांची रचना पुढच्या पिढीने जशीच्या तशी उचलली नाही. जॉन अर्नॉल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांनी सागरी घड्याळ अधिक सोपे आणि स्वस्त केले. त्यांनी रेमॉन्त्वार वगळला. मात्र अचूक सागरी घड्याळ होऊ शकते, हा विश्वास हॅरिसन यांनी दिला होता. त्या विश्वासावाचून पुढची पावले पडली नसती. १८३१ मध्ये चार्ल्स डार्विन यांना घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर तब्बल बावीस सागरी घड्याळे होती.

त्यांची मूळ यंत्रे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ धूळ खात पडली. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याला ती गंजलेल्या अवस्थेत आढळली. त्याने बारा-तेरा वर्षे विनामोबदला खपून ती पुन्हा चालू केली. २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे येथे हॅरिसन यांच्या नावाची स्मृतिशिला बसविण्यात आली.

ग्रीनिचच्या वेधशाळेत आज त्यांची चारही घड्याळे पाहता येतात. पहिली तीन अजून चालतात, कारण त्यांना तेल लागत नाही. चौथे मात्र मुद्दाम बंद ठेवलेले आहे. त्याला तेल लागते, आणि चालविले तर ते झिजेल.